दुखणारे गुडघे आणि न दुखणारी हाडं

प्रति,
आरोग्य शिबिरं भरवणाऱ्या गणेशोत्सव मंडळांचे, महिला मंडळांचे आणि ज्येष्ठ नागरिक संघांचे सर्व कार्यकर्ते,



गणपतीत, नवरात्रात, ४ ऑगस्टच्या अस्थी-सांधे दिनाला किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला गावोगाव एक फ्लेक्स लागतो. ‘मोफत हाडांची ठिसूळता तपासणी शिबिर’ असं वर मोठ्या अक्षरांत आणि खाली ‘गुडघेदुखी, कंबरदुखी, सांधेदुखी असणाऱ्यांनी अवश्य लाभ घ्यावा’. त्यामागे तुमची धावपळ असते. मंडप, खुर्च्या, डॉक्टरांच्या वेळा, म्हाताऱ्या माणसांना घरून आणणं आणि परत सोडणं, हे सगळं तुम्ही कामधंदा सांभाळून करता. मी सातारा जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि अशा शिबिरांत अनेकदा उभी राहिले आहे. तुमच्या कष्टांबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

फ्लेक्सवरची वरची ओळ एका आजाराची आहे आणि खालची ओळ दुसऱ्याच. हाडांची ठिसूळता म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. वयपरत्वे होणारी गुडघेदुखी ही बहुतेक वेळा सांध्याच्या झिजेची, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसची असते. नावं सारखी वाटतात, दोन्ही उतारवयात होतात, दोन्ही बायकांमध्ये जास्त दिसतात आणि दोन्हींना आपण सरसकट ‘झीज’ म्हणून मोकळे होतो. पण यांची कारणं, लक्षणं, तपासण्या आणि उपचार वेगवेगळे आहेत. त्यांची गल्लत झाली की नुकसान दोन्हीकडच्या रुग्णांचं होतं.

आधी सांध्याची झीज घेऊ. सांध्यात जिथे दोन हाडं भेटतात तिथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. वय, वाढलेलं वजन, जुनी दुखापत, पायांचा बाक, आनुवंशिकता अशा कारणांनी ही कूर्चा विरळ होत जाते. तिच्याखालचं हाड घट्ट होतं, कडेला हाडाची टोकं वाढतात, सांध्याचं अस्तर अधूनमधून सुजतं. म्हणजे या आजारात हाड कमी होण्याऐवजी काही ठिकाणी ते वाढलेलंच दिसतं. त्रास मात्र रोजचा असतो. जिना उतरताना कळ येते, मांडी घालून बसलं की उठवत नाही, उकिडवं बसणं नकोसं होतं, सकाळी गुडघा थोडा वेळ आखडतो आणि चाललं की मोकळा होतो. एक्स-रेवरून झिजेच्या पायऱ्या ठरवण्याची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ साली मांडली आणि आजही तीच वापरतात. ‘चौथी ग्रेड आहे’ असं ऐकून माणसं खचतात. पण एक्स-रेतली झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचं प्रमाण नेहमी जुळत नाही. फोटोत बरीच झीज असूनही शेतावर जाऊन येणारी माणसं मी पाहते.

ऑस्टिओपोरोसिसची गोष्ट वेगळी आहे. यात सांधा नव्हे, हाडच आतून पोकळ होत जातं. आपलं हाड जन्मभर थोडं थोडं मोडलं जातं आणि नव्याने बांधलं जातं. साधारण तिशीपर्यंत बांधणी जास्त होते, साठा वाढतो. पुढे मोडणी वरचढ ठरायला लागते. बायकांमध्ये पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक झपाट्याने कमी होतं आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हाडांची हानी सर्वांत वेगाने होते. हा संबंध बॉस्टनच्या फुलर ऑल्ब्राइट या डॉक्टरांनी १९४०च्या सुमारास मांडला. हाडातली बारीक जाळी तुटत जाते, पण वाळवी लागलेल्या वाशासारखं हाड बाहेरून धड दिसतं. आणि ते दुखत नाही. साध्या एक्स-रेतही जवळजवळ तीस टक्के हाड गेल्याशिवाय फरक नीट कळत नाही. आजाराचं पहिलं लक्षण बहुधा हाड मोडणं हेच असतं. मोरीत पाय घसरून हात टेकला आणि मनगट मोडलं, पाण्याची कळशी उचलताना मणका दबला, अंथरुणावरून उठताना तोल गेला आणि खुबा मोडला, असं ते घडतं.

खुब्याचं मोडणं ही या सगळ्यातली सर्वांत जड गोष्ट. म्हातारपणी खुबा मोडल्यावर साधारण पाचातलं एक माणूस वर्षभराच्या आत जातं. जी राहतात त्यांतली बरीचशी पुन्हा पूर्वीसारखी स्वतःच्या पायांवर हिंडत नाहीत. हा आजार गप्प असतो, म्हणून तो शोधावा लागतो. गुडघेदुखीला शोधावं लागत नाही, ती स्वतः चालत तुमच्या मंडपात येते.

इथेच शिबिराची गाडी चुकीच्या रुळावर जाते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तुम्ही बोलावता आणि ठिसूळपणा तपासता. ज्यांची हाडं खरोखर ठिसूळ आहेत त्यांना काही दुखत नसतं, त्यामुळे ती माणसं येतच नाहीत.

एका शिबिरात पाहिलेली गोष्ट सांगते. टेबलावर टाचेची मशीन होती. पेटीसारख्या खाचेत पाऊल ठेवायचं, टाचेला दोन्ही बाजूंनी जेल लावायचं, ध्वनिलहरी टाचेतून जातात आणि मिनिटभरात कागद बाहेर येतो. कागदावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आणि त्यावर एक ठिपका. पन्नाशीच्या एक बाई गुडघ्यांसाठी आल्या होत्या. ठिपका पिवळ्यात पडला. टेबलामागच्या मुलाने सांगितलं, ‘हाडं ठिसूळ व्हायला लागलीत, म्हणून गुडघे दुखतात.’ बाईंचा चेहरा उतरला. शेजारच्या टेबलावरून त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या आणि जाताना सोबतच्या जाऊबाईंना म्हणाल्या, ‘आता सकाळचं फिरणं बंद करते, उगाच कुठं हाड मोडायचं.’

त्याच मंडपात एक काकू सगळ्यांना चहा देत होत्या. पाठीला पोक आलं होतं, साडी पूर्वीपेक्षा लांब वाटते म्हणून निऱ्या वर खोचल्या होत्या आणि उजवं मनगट किंचित वाकडं जुळलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी अंगणात पडले, प्लास्टर घातलं होतं, आता काही दुखत नाही. त्यांनी तपासणी केली नव्हती. ‘मला कुठं गुडघे दुखतात,’ असं त्यांचं म्हणणं होतं. त्या मंडपात ठिसूळ हाडांची दाट शंका घ्यावी अशी एकच व्यक्ती मला दिसली, आणि ती रांगेत नव्हती.

त्या टाचेच्या मशीनबद्दल स्पष्ट सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ऑस्टिओपोरोसिसची व्याख्या ठरवली. निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीशी तुलना करून टी-स्कोअर काढायचा आणि तो उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस म्हणायचा. निदानासाठी ही मोजणी करतात ती डेक्सा नावाच्या क्ष-किरण तपासणीने, मुख्यतः खुबा आणि कंबरेच्या मणक्यांवर. टाचेच्या ध्वनिलहरींच्या आकड्याला तोच उंबरठा लावता येत नाही. ती मशीन फार तर धोक्याची कल्पना देते. तिच्यावरून कुणालाही ऑस्टिओपोरोसिस आहे किंवा नाही, असा शिक्का मारणं बरोबर नाही. पिवळ्या ठिपक्याने घाबरणं जितकं चुकीचं, तितकंच हिरव्या ठिपक्याने निर्धास्त होणं.

त्या काकूंना मी जिल्ह्याच्या ठिकाणी डेक्साला पाठवलं. मणक्याचा आकडा बऱ्यापैकी आला, खुब्याचा मात्र उणे २.५च्या बराच खाली. असं अनेकदा होतं. मणक्यातल्या झिजेमुळे वाढलेली हाडाची टोकं आणि दबलेले मणके मोजणीत घनता वाढवून दाखवतात. एक आजार दुसऱ्याला लपवतो तो असा, आणि म्हणूनच दोन्ही आजार एकाच शरीरात असले तरी त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. काकूंचे उपचार सुरू झाले, पोकाचे व्यायाम त्या माझ्याकडे शिकल्या आणि घरातल्या मोरीला मुलाने धरायला दांडी बसवली.

आता कॅल्शियमकडे वळू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. ‘कॅल्शियम कमी झालं म्हणून गुडघे दुखतात’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. कॅल्शियमच्या गोळीने झिजलेली कूर्चा परत येत नाही. झिजेच्या गुडघ्यावरचा मुख्य उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूंना बळ देणारा नियमित व्यायाम आणि वजन जास्त असेल तर ते उतरवणं. वजन एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. त्याच्या जोडीला वरून लावायचं वेदनाशामक मलम, गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, हातात काठी, बसायला खुर्ची, संडासाला कमोड. आणि एवढं करूनही जगणं अडलं तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया.

ऑस्टिओपोरोसिसमध्ये आहारातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांना खरोखर महत्त्व आहे. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दूध, दही, ताक, तीळ, हिरव्या पालेभाज्या हे सगळं आपल्या ताटातलंच आहे. पण खुबा किंवा मणका मोडून गेलेल्या बाईला एकट्या कॅल्शियमवर ठेवणं पुरेसं नाही. हाडाची मोडणी थोपवणारी औषधं लागतात. ॲलेन्ड्रोनेटची आठवड्यातून एकदाची गोळी आहे, वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रोनिक ॲसिड आहे, आणि आणखीही आहेत. गोळी घेण्याची रीतही नीट सांगावी लागते. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासोबत घेऊन पुन्हा पडून राहिलं तर गोळी अंगी लागत नाही आणि अन्ननलिकेला इजा होऊ शकते. हे घरी कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

रक्तातलं कॅल्शियम तपासून ‘नॉर्मल आहे, म्हणजे हाडं मजबूत’ असंही सांगितलं जातं. रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोरपणे सांभाळतं. ते कमी पडलं तर हाडांतून काढून घेतं. म्हणून हाडं पोखरलेली असतानाही रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. उलट बाजूने, ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी शेजारणीने सांगितली म्हणून महिनोन् महिने घेणं धोक्याचं आहे. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला: ‘चालू नका, झीज होईल.’ गुडघ्याच्या झिजेत सोसेल इतकं चालणं आणि व्यायाम सांध्याला मदतच करतात. चालणं बंद झालं की मांडी बारीक होते, वजन वाढतं, गुडघा आणखी दुखतो. त्याच वेळी हाडावरचा भार गेल्याने हाडही कमजोर होत जातं आणि स्नायू गेल्याने तोल जातो. म्हणजे एका आजाराच्या भीतीने दिलेला सल्ला दुसऱ्या आजाराला वाट करून देतो. याच्या उलट, ज्यांचे मणके ठिसूळ आहेत त्यांनी पुढे वाकून पायाचे अंगठे धरण्याचे व्यायाम आणि जमिनीवरून वाकून ओझं उचलणं टाळायला हवं, कारण त्याने मणका दबू शकतो. योगाच्या सार्वजनिक वर्गात पश्चिमोत्तानासन सगळ्यांकडून एकदम करून घेतात, तिथे हा फरक कुणी विचारत नाही.

आता तुमच्याकडून काय हवं आहे, ते सांगते.

पहिली गोष्ट, शिबिर एकच असलं तरी टेबलं दोन मांडा. एकावर ‘गुडघे व सांध्यांची झीज’ आणि दुसऱ्यावर ‘हाडांचा ठिसूळपणा’. पहिल्या टेबलाशी वजनकाटा, एक भक्कम खुर्ची आणि व्यायाम शिकवणारं माणूस हवं. खुर्चीत बसून गुडघा सरळ करायचा, मांडी आवळून पाच आकडे मोजायचे, पाय सावकाश खाली आणायचा. येणाऱ्या प्रत्येकाने हे तिथेच करून दाखवावं आणि मगच पुढे जावं. औषधाची पट्टी देण्यापेक्षा याचा उपयोग जास्त आहे. ज्यांचे सांधे सुजलेले, गरम आहेत किंवा सकाळी तासभर आखडतात, त्यांना वेगळं काढा. तो आमवात असू शकतो आणि त्याला लवकर उपचार लागतात.

दुसऱ्या टेबलाला मशीन लागत नाही, प्रश्न लागतात. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने कुठलं हाड मोडलं का? उंची कमी झाली किंवा पोक आलं का? पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली का? दम्यासाठी किंवा आमवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून जास्त घेतल्या का? आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? तंबाखू किंवा दारू आहे का? गेल्या वर्षभरात पडलात का? जिथे ‘हो’ येईल तिथे डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी द्या आणि डेक्साची गरज आहे का, ते त्यांना ठरवू द्या. पुरुषांनाही विचारा. त्यांची हाडं उशिरा ठिसूळ होतात, पण होतात.

यातला पाळीचा प्रश्न आपल्या राज्यात फार जपून आणि न चुकता विचारायला हवा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं कमी वयात काढली जात असल्याचं २०१९ साली उघड झालं, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भाशयासोबत अंडाशयंही गेली असतील तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी थांबतं. ती बाई पस्तिशीची असेल तर तिची हाडं पन्नाशीच्या बाईच्या वाटेला दीड दशक आधी लागतात. अशा बायका शिबिराच्या फ्लेक्सवर कुठेच नसतात, कारण त्या म्हाताऱ्या नाहीत आणि त्यांचे गुडघेही दुखत नाहीत. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या मंडळांनी तरी त्यांना मुद्दाम बोलवावं.

तिसरी गोष्ट, टाचेची मशीन आणायचीच असेल तर तिच्या कागदावर ‘हे निदान नाही’ असं मराठीत ठळक छापून घ्या. आणि तपासणीच्या शेजारी औषधविक्रीचं टेबल लावू देऊ नका. यजमान तुम्ही आहात, तुमचा शब्द चालतो.

चौथी गोष्ट शिबिराच्या दिवसापुरती नाही. तुमच्या आळीत कुणाचं प्लास्टर निघालं, कुणाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं. एकदा मोडलेल्या माणसाचं दुसरं हाड मोडण्याची शक्यता वाढलेली असते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९९०च्या दशकाच्या अखेरीस इस्पितळांनी यावर साधी व्यवस्था उभी केली. हाड मोडून आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक रुग्णाला परिचारिका गाठते, ठिसूळपणाची तपासणी होते, औषध सुरू होतं आणि पाठपुरावा राहतो. पुढे अनेक देशांनी ती उचलली. आपल्याकडे मोडलेलं हाड उत्तम जोडलं जातं, पण ते का मोडलं हे विचारायचं बहुतेक ठिकाणी राहून जातं. ते विचारण्याचं काम मंडळाचा कार्यकर्ता करू शकतो: ‘आजी, प्लास्टर निघालं, आता ठिसूळपणाचं डॉक्टरांना विचारलंत का?’ त्याच फेरीत घरही पाहून घ्या. मोरीतली निसरडी फरशी, सरकणारं पायपुसणं, संडासाच्या वाटेवर नसलेला दिवा, झिजलेल्या सपाता, राहून गेलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मंडळाच्या वर्गणीतून दहा घरांत धरायच्या दांड्या बसल्या तर तेही मोठं आरोग्यकार्य होईल.

ऑक्टोबरात १२ तारखेला जागतिक संधिवात दिन असतो आणि २० तारखेला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन. यंदा एका दिवशी गुडघ्यांचं शिबिर घ्या आणि दुसऱ्या दिवशी हाडांचं. दुसऱ्या शिबिराच्या फ्लेक्सवर लिहा: ‘काहीही दुखत नसलं तरी या.’ पन्नाशीपुढच्या ज्या बायका नेहमी कामाला असतात आणि स्वतःची तपासणी मागे ठेवतात, त्यांची नावं आधी लिहून काढा आणि त्यांना घरी जाऊन आमंत्रण द्या. आमच्या व्यवसायातले पुष्कळ जण एक दिवस द्यायला तयार आहेत, मीही आहे. व्यायामाचं टेबल आणि प्रश्नांचं टेबल, दोन्ही आम्ही सांभाळू. तुम्ही माणसं गोळा करा, ते काम तुमच्याइतकं कुणालाच जमत नाही.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक फिजिओथेरपिस्ट